डॉक्टरांनी कमरेला हातसुद्धा लावला नाही

पत्र थोडक्यात : सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या ४६ वर्षांच्या शिक्षिका लिहितात. दोन वर्षांपासून कंबर दुखते. सकाळी उठताना आखडलेली असते, शाळा सुटेपर्यंत ठणकायला लागते आणि स्कूटीवरून खड्डे चुकवत घरी येईपर्यंत जीव नकोसा होतो. आतापर्यंत चार डॉक्टर झाले. गावातले जुने डॉक्टर आपुलकीने बोलतात, इंजेक्शन देतात, दोन-तीन दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. दुसऱ्या, हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून 'मणक्यात गॅप आहे' असं सांगितलं आणि पट्टा दिला. तिसऱ्यांनी एमआरआय करायला लावला, 'चकती फुगली आहे' म्हणाले आणि कंबर ताणून धरणारं ट्रॅक्शनचं वजन लावायला सांगितलं. शेवटी सहकाऱ्यांच्या आग्रहावरून पुण्याच्या नावाजलेल्या तज्ज्ञांकडे नंबर लावला. तीन तास बसल्यावर जेमतेम सहा-सात मिनिटं मिळाली. "त्यांनी माझ्या कमरेला हातसुद्धा लावला नाही. फिल्म दिव्यासमोर धरली आणि म्हणाले, वयाप्रमाणे आहे, ऑपरेशनची गरज नाही, व्यायाम करा, वजन कमी करा. पाच दिवसांच्या गोळ्या आणि व्यायामाचा एक छापील कागद. एवढ्यासाठी बाराशे रुपये आणि एक रजा." घरी यजमान म्हणतात, "रिपोर्टमध्ये काही नाही, तुझ्या डोक्यात आहे." मुंबईला आणखी मोठ्या डॉक्टरांना दाखवावं, की गावातल्या डॉक्टरांचं इंजेक्शनच चालू ठेवावं, असा त्यांचा प्रश्न आहे. सहीच्या खाली, वेगळ्या शाईत एक ओळ आहे : "माझ्या आईचंही कंबरदुखीच होतं. पुढे कॅन्सर निघाला."

ताई,

तुमची कंबर दुखते आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण पत्रभर तुम्ही तेच पटवून देण्यासाठी धडपडला आहात. यजमानांना, चार डॉक्टरांना, मला, आणि माझ्या मते थोडंसं स्वतःलाही. एमआरआय चांगला आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही आणि एमआरआयमध्ये काही दिसलं म्हणून ते जास्त खरंही होत नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या नव्याने मांडली. माणूस 'मला दुखतंय' म्हणत असेल तर त्या सांगण्याचा मान राखावा, असं त्या व्याख्येच्या टिपांमध्ये स्वच्छ म्हटलं आहे. एवढं यजमानांना वाचून दाखवायला हरकत नाही.

आता प्रश्नाकडे वळू. 'मुंबई की इंजेक्शन' असे दोनच रस्ते तुम्हाला दिसताहेत. मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस केलेली बाई आहे, हेच दोन रस्ते हातात घेऊन आलेले पेशंट मी पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेकांना तिसरा रस्ता उपलब्ध असतो, तो या दोन्हींपेक्षा स्वस्तही असतो, पण तो दिसण्यासाठी आधी गुंता सोडवावा लागतो.

गुंता असा आहे. तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत. 'गुण आला नाही' ही एक आणि 'माझं कुणी ऐकून घेतलं नाही' ही दुसरी. दोन्ही खऱ्या आहेत, पण दोघींचा इलाज वेगवेगळा आहे. त्या एकीत एक मिसळल्या की जे डॉक्टर ऐकून घेतात त्यांची सुईही गुणकारी वाटायला लागते आणि जे तुटक बोलतात त्यांचा बरोबर सल्लाही उडवून लावल्यासारखा वाटतो.

पुण्याचा सल्ला वाया गेला असं तुम्हाला कशावरून वाटलं? तुमची कारणं मी पत्रातून वेचून काढली. वेळ दिला नाही, हात लावला नाही, पैसे भरपूर घेतले, नवीन काही दिलं नाही. यातली पहिली तीन वागणुकीबद्दल आहेत. उपचाराबद्दल फक्त चौथं आहे, आणि नेमकं तिथेच मी तुमच्याशी सहमत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. दुखण्याबद्दल नीट माहिती देणं, व्यायाम, काही प्रकारची फिजिओथेरपी, मनाला आधार देणाऱ्या उपचारपद्धती आणि गरजेपुरत्या वेदनाशामक गोळ्या, यांची त्यात शिफारस आहे. कमरेचे पट्टे आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, असंही त्यात आहे. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं जे तुम्हाला 'काहीतरी केलं' असं वाटलं, ते त्या यादीत नको म्हटलेलं आहे. आणि पुण्याच्या डॉक्टरांनी जो कागद हातात ठेवला आणि जो तुम्ही बहुधा फाईलमध्ये सारून दिलात, तो या यादीत अगदी वर आहे. (वजनाचं वाक्य सोडून द्या. ते कंबर, गुडघा, टाच, सगळ्यांना सारखंच मिळतं.)

तुम्ही शिक्षिका आहात, पालकांची नस तुम्हाला ठाऊक आहे. जी बाई रोज वहीभर गृहपाठ देते तिच्यावर पालक खूश असतात. पोराला हातच्याची वजाबाकी येते का, हे बघणारे थोडे. दवाखान्यातही तसंच चालतं. चिठ्ठीवर पाच औषधं असली, एखादी तपासणी लिहिली, सुई टोचली, की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. 'काही नको, चाला आणि व्यायाम करा' हे ऐकून बाहेर पडलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परतल्यासारखं वाटतं.

या समाधानाचा हिशेब अमेरिकेत २०१२ साली मांडला गेला. जवळपास ५२ हजार लोकांच्या माहितीचा तो अभ्यास होता. आपल्या डॉक्टरांवर जे सगळ्यात जास्त समाधानी होते, त्यांचा औषधांवरचा खर्च जास्त निघाला, रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण जास्त निघालं, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाणही जास्त दिसलं. समाधानाने माणसं दगावली असा याचा अर्थ नाही, असल्या अभ्यासातून तेवढं सिद्ध होतही नाही. पण पेशंट खूश आहे म्हणजे उपचार चांगला आहे, हे समीकरण त्याने मोडीत काढलं. त्याच देशात रुग्णालयांच्या सर्वेक्षणात 'तुमच्या वेदना नीट आटोक्यात ठेवल्या का' असा प्रश्न पेशंटना विचारला जायचा. अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनी तिथे हाहाकार माजवल्यावर तो प्रश्न काढून टाकावा लागला, कारण चांगले गुण मिळवण्याच्या नादात डॉक्टर गोळ्या जास्त लिहितील अशी भीती होती.

आता गावातल्या डॉक्टरांबद्दल. त्यांच्याकडे गेल्यावर तुम्हाला बरं वाटतं, ते खोटं नाही. फक्त श्रेय सुईला देण्याआधी जरा थांबा. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या एका जनरल प्रॅक्टिशनरने दोनशे पेशंटवर एक साधा प्रयोग केला. हे असे पेशंट होते की त्यांना त्रास होत होता, पण तपासणीत ठोस काही सापडत नव्हतं. निम्म्यांना डॉक्टरांनी ठामपणे सांगितलं, की अमुक झालंय, काही दिवसांत बरं वाटेल. उरलेल्यांना म्हणाले, नक्की काय झालंय ते मला सांगता येत नाही. दोन आठवड्यांनी पहिल्या गटातले ६४ टक्के आणि दुसऱ्यातले ३९ टक्के बरे झालेले होते. दोन्ही गटांत काहींना गोळी दिली होती आणि काहींना नाही. गोळीवाल्यांतले ५३ टक्के बरे झाले, बिनगोळीवाल्यांतले ५० टक्के. म्हणजे फरक पाडला तो शब्दांनी. आपल्याकडे ज्याला 'हातगुण' म्हणतात, त्यात मोठा वाटा बोलण्याचा, वेळ देण्याचा आणि ओळखीचा असतो. तो आपुलकीचा भाग फुकट आणि निर्धोक आहे. तो जरूर घ्या.

सिरिंजमध्ये काय होतं, ते मात्र विचारा. नुसतं वेदनाशामक असेल तर ते काही तास, फार तर एखादा दिवस काम करतं, आणि दर पंधरा दिवसांनी घेत राहण्यासारखं ते औषध नाही. पोटाला आणि मूत्रपिंडाला त्याचा त्रास होतो. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असेल तर चार दिवस अंगात ताकद आल्यासारखं वाटतं, पण वारंवार घेतल्यावर साखर वाढते, रक्तदाब वाढतो आणि हाडं ठिसूळ होतात. दुखणाऱ्या कमरेला ठिसूळ हाडं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. तुमचे डॉक्टर काय देतात ते मला माहीत नाही आणि त्यांच्यावर मी कसलाही आरोप करत नाही. "डॉक्टर, इंजेक्शनचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या" एवढंच म्हणायचं आहे. सरळ माणूस लिहून देतो. बिननावाच्या पुड्या देणाऱ्याकडून मात्र काहीही घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.

आणि पुण्याचे डॉक्टर? सल्ला बरोबर होता म्हणून त्यांची वकिली मी करणार नाही. कंबर दुखते म्हणून आलेल्या बाईला हात न लावता परत पाठवणं ही चूकच. पेशंटला झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून बघायचा, पायाचा अंगठा वर ताणून धरायला सांगून ताकद बघायची, गुडघ्यावर नि घोट्यामागे हातोडी मारायची, मणका दाबून बघायचा. दोन-तीन मिनिटांत उरकतं हे सगळं, आणि फिल्ममध्ये न दिसणाऱ्या गोष्टी त्यातून कळतात. मशीनने काढलेलं चित्र खरं आणि अंगाला लावलेला हात म्हणजे जुनाट पद्धत, असं आता काही डॉक्टरांनाही वाटतं. तुम्ही रागावलात ते रास्तच आहे.

वेळेचं रडगाणं मला चांगलं माहीत आहे. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या आकडेवारीचा आढावा प्रसिद्ध झाला. एका पेशंटला सरासरी किती वेळ मिळतो, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद आणि आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. बाहेर साठ माणसं ताटकळत असली की आतला माणूस घाईत येतो, हे खरं. पण 'पेशंटला बोलू दिलं तर तो थांबतच नाही' हे जे डॉक्टर मंडळी एकमेकांना सांगतात, ते खरं नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००२ साली ३३५ पेशंटचं बोलणं मोजलं. डॉक्टरांनी मध्ये तोंड घालायचं नाही, असं ठरलं होतं. पेशंट सरासरी ९२ सेकंद बोलले आणि आपणहून थांबले. दर चारांतल्या तिघांहून अधिक जणांचं बोलणं दोन मिनिटांच्या आत आटोपलं. तुमच्या सहा-सात मिनिटांत ही ९२ सेकंदं सहज बसली असती.

एमआरआयबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण 'गॅप' आणि 'फुगलेली चकती' हे शब्द तुम्ही पत्रात सहा ठिकाणी वापरले आहेत. मणक्यात गॅप म्हटल्यावर हाडं एकमेकांपासून सुटली आहेत, वाकलं की निखळतील, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात उलट असतं. दोन मणक्यांमधली गादी, म्हणजेच चकती, जराशी बसलेली असते, म्हणून मधली जागा कमी दिसते. आणि फुगलेली चकती? २०१५ साली तीन हजारांहून अधिक अशा लोकांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, ज्यांना कंबरदुखी नव्हतीच. चाळिशीतल्या माणसांमध्ये निम्म्यांची चकती फुगलेली होती आणि दोन-तृतीयांश जणांची झिजलेली. ऐंशीच्या घरात तर जवळजवळ सगळ्यांचीच झिजलेली होती. ही सगळी न दुखणारी माणसं, लक्षात घ्या. तुमच्या स्टाफरूममधल्या सगळ्या चाळिशीवाल्यांना उद्या यंत्रात घातलं, तर निम्म्यांच्या हातात तुमच्यासारखाच रिपोर्ट पडेल, आणि मग त्यांनाही वाकायची भीती वाटू लागेल. 'वयाप्रमाणे आहे' याचा अर्थ हा होता. तो नीट उलगडून सांगायला आणखी एक मिनिट लागलं असतं. ते न दिल्यामुळे ते वाक्य तुमच्या कानावर 'म्हातारी झालीस, सोस' असं पडलं.

आता त्या वेगळ्या शाईतल्या ओळीकडे येते. ताई, माझ्या मते तुमचं पत्र तिथे सुरू होतं.

ही गोष्ट तुम्ही किती डॉक्टरांना सांगितलीत? पत्रात प्रत्येक भेटीत काय काय बोलणं झालं ते तपशिलाने आहे, आणि आईचा उल्लेख त्यात कुठेही नाही. मनातली मुख्य भीती पेशंट सांगतो ती उठताना, दाराच्या कडीला हात घातल्यावर, 'तसं एक विचारायचं होतं' म्हणून. पुष्कळदा तेही राहून जातं. 'मला आईसारखं होणार का' हा प्रश्न कुणाच्याच कानावर गेला नाही, तर चारही डॉक्टर चकतीबद्दल बोलत राहणार आणि चारही वेळा तुम्ही असमाधानी बाहेर पडणार. पाचवा मुंबईचा असला तरीही.

या भीतीचं उत्तर मिळवणं अवघड नाही. पुढच्या भेटीत पहिल्याच मिनिटात म्हणा, "डॉक्टर, माझ्या आईच्या कंबरदुखीतून पुढे कॅन्सर निघाला होता. माझ्या तपासणीत आणि फिल्ममध्ये तसं काही आहे का, ते मला सरळ सांगा." फिल्म हातात आहेच, ती या नजरेने पुन्हा पाहिली जाईल. आणि एक गोष्ट घरी विचारून ठेवा : आईचा कॅन्सर मूळचा कुठला होता? मणक्यात पोचणारा कॅन्सर बरेचदा दुसरीकडून आलेला असतो. तो स्तनाचा असेल, तर तुमची स्तनांची तपासणी व्हायला हवी आणि ती कमरेच्या एमआरआयने होत नाही. दोन वर्षं कमरेकडे बघत बसण्यात ही साधी गोष्ट राहून गेली असेल, तर ती आधी करा.

काही लक्षणं अशी आहेत की ती दिसली तर माझा हा लेख बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. लघवी-संडासवरचा ताबा सुटणं किंवा लघवी अडणं, बसण्याची जागा किंवा मांड्यांची आतली बाजू बधिर होणं, पायातली ताकद जाणं, चप्पल पायातून नकळत निसटणं. यांत तासांचा हिशेब असतो. संध्याकाळी येणारा ताप, कारण नसताना उतरणारं वजन, आडवं झाल्यावरही न थांबता रात्रभर जागवणारं दुखणं, जोरात पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, किंवा पूर्वी स्वतःला कॅन्सर झालेला असणं, यांसाठी दोन-चार दिवसांत जायचं. आपल्याकडे मणक्याचा टीबी विसरून चालत नाही. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, तरी खात्री करून घ्या.

तर मग करायचं काय? मुंबईचा नंबर तूर्त लावू नका. गावातल्याच डॉक्टरांकडे जा, पण या वेळी इंजेक्शनसाठी जाऊ नका. ते ऐकून घेतात, तुम्हाला ओळखतात, घरापासून जवळ आहेत. तुम्हाला जे पुण्यात मिळालं नाही ते यांच्याकडे आहे आणि जे यांच्याकडे नाही ते पुण्याच्या कागदावर आहे. दोन्ही एकत्र आणा. सोमवारची सकाळ टाळा, संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर जा. सगळी फाईल न्या आणि म्हणा, "मला आज सुई नको. हे सगळं एकदा बघा, मला तपासा आणि पुढचे तीन महिने माझ्यावर लक्ष ठेवा." बहुतेक फॅमिली डॉक्टर यावर खूश होतात. सुई मारून घ्यायला आलेल्यांना ते स्वतःही कंटाळलेले असतात, पेशंट दुसरीकडे जाईल म्हणून टोचत राहतात. ते तपासायलाच तयार नसतील, तर मात्र दुसरे फॅमिली डॉक्टर शोधा.

जाताना वहीचं एक पान लिहून न्या. 'खूप दुखतं' याने डॉक्टरला काही कळत नाही. काय करता येत नाही ते लिहा : फळ्याच्या खालच्या भागात लिहायला वाकता येत नाही, पहिलीच्या मुलांजवळ खाली बसलं तर उठताना टेबल धरावं लागतं, स्कूटीवर अर्धा तास झाला की थांबावं लागतं. दुखतं कसं तेही लिहा. नुसतं ठणकतं, की पायात चमक जाते, मुंग्या येतात, आग होते? पायात जाणारी कळ नसेची असू शकते आणि तिची औषधं वेगळी. आतापर्यंत काय घेतलं आणि त्याने किती दिवस उतार पडला, ते एका ओळीत. झोप कशी लागते, ते एका ओळीत. आणि सगळ्यात वर आईची गोष्ट. निघण्यापूर्वी विचारून घ्या, की किती आठवड्यांनी फरक दिसेल आणि कशासाठी मी लवकर परत यावं. बाकीची प्रश्नावली नको. फार प्रश्न नेले की त्यांची उत्तरंही घाईत मिळतात.

छापील कागद बघून एकटीने व्यायाम करणं चार दिवस टिकतं, हे मी जाणते. म्हणून फिजिओथेरपिस्ट गाठा. तिथेही एक सांभाळा. नुसती लाईट नि शेक देऊन पंधरा दिवस पैसे घेणाऱ्याकडे जाऊ नका. उताणं झोपवून, कुशीवर वळवून, व्यायाम करवून घेणारा आणि पुढच्या आठवड्यात 'करून दाखवा' म्हणणारा हवा. पहिले आठ-दहा दिवस थोडं जास्त दुखेल. ते बिघडल्याचं लक्षण नाही, दोन वर्षं जपून ठेवलेले स्नायू कुरकुरत असतात.

आणि अपेक्षा जरा बदलून बघा. दोन वर्षं मुरलेलं दुखणं एका भेटीत पूर्ण थांबेल, या अपेक्षेने गेलात तर प्रत्येक डॉक्टर नापासच होणार. तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललेल्या दुखण्यात नसा आणि मेंदू जास्त जागरूक होऊन बसतात, साध्या वाकण्यालाही धोका समजून ओरडतात. ते हळूहळू शांत होतात. 'दुखणं शून्य' याऐवजी 'दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अर्धा तास न थांबता चालता आलं पाहिजे' असं काहीतरी ठरवा, जे मोजता येतं. तीन महिने व्यायाम नेमाने करूनही काहीच फरक पडला नाही, किंवा पायातली कळ वाढत गेली, तर दुसऱ्या तज्ज्ञांचं मत जरूर घ्या. तो तुमचा हक्क आहे. कुठे भरती झाला असाल, तर तिथले कागद मागितल्यापासून ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे, डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमावलीतच ते आहे.

याच धर्तीची पत्रं गुडघ्यांबद्दल आणि डोकेदुखीबद्दलही येतात, विशेषतः सासू-सासऱ्यांना किंवा आईवडिलांना घेऊन दवाखान्यात जाणाऱ्यांची. 'आईला सलाईन लावल्याशिवाय बरं वाटत नाही, काय करू?' बाटलीत मीठ-पाणी किंवा साखर-पाणी असतं. तोंडाने खाता-पिता येणाऱ्याला त्याने ताकद येत नाही. पण म्हातारीला तास-दीड तास कुणीतरी उशाशी बसलेलं हवं असतं, आणि सलाईन चालू असताना मुलगा उठून जात नाही, हेही त्यात असतं. अशा वेळी डॉक्टरांशी तुम्हीच बोलत सुटू नका. "आई, तू सांग" म्हणा आणि गप्प बसा. तरुण मुलं स्वतःच बोलतात, डॉक्टरही त्यांच्याकडेच बघतात आणि जिचे गुडघे दुखताहेत ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसते.

यजमानांचं 'तुझ्या डोक्यात आहे' हे वाक्य तुम्हाला लागलं, साहजिक आहे. बायकांचं दुखणं कमी लेखण्याची खोड फक्त आपल्या घरांत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका रुग्णालयात पोटदुखीने इमर्जन्सीत आलेल्यांची नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. पुरुषांना वेदनाशामक मिळायला ४९ मिनिटं लागत होती, बायकांना ६५. यजमानांशी भांडू नका, त्यांना पुढच्या भेटीला बरोबर न्या. डॉक्टर तपासताना त्यांना समोर बसू द्या, कुठल्या हालचालीला तुमचा चेहरा बदलतो ते त्यांनी एकदा बघू द्या. आणि व्यायामाच्या वीस मिनिटांत कुकर नि दूध कोण बघणार, ते त्याच संध्याकाळी ठरवून टाका. ते ठरलं नाही तर व्यायामाचा कागद पुन्हा फाईलमध्ये जाईल.

शेवटी त्या पाच दिवसांच्या गोळ्या. त्या संपल्या असतील तर तीच चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून परत परत आणू नका, आणि मेडिकलवाल्याने स्वतःच्या मनाने दिलेली 'जरा पॉवरची' गोळी तर मुळीच नको. रक्तदाबाच्या, साखरेच्या किंवा पित्ताच्या गोळ्या चालू असतील तर गावातल्या डॉक्टरांना त्याच पानावर लिहून दाखवा. दोन्ही एकत्र चालतात की नाही, ते त्यांनाच ठरवू द्या.

तुमची,
सदरलेखिका